काटा आधी पडतो

कयाधूच्या पुलावर अक्काची गाडी बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर आमची माय आडवी झालेली होती आणि मागून हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक येत होता. मी त्या वेळी गाडीत नव्हतो. हे सगळं अक्कानं मला नंतर सांगितलं, माझ्या दुकानासमोर गाडी उभी करून, स्टिअरिंगवरचे हात न काढता.

पुलाच्या तोंडाशी रस्ता उखडलेला होता, म्हणून तिनं ॲक्सिलेटरवरचा पाय काढला. तेवढंच निमित्त. इंजिनचा आवाज गेला आणि गाडी नुसती घरंगळत पुलावर आली. ब्रेक दाबायला गेली तर पेडल दगडासारखं घट्ट. ट्रकवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. शेवटच्या क्षणी त्यानं ट्रक उजवीकडे ओढला, अक्काच्या गाडीचा आरसा मोडला आणि तो तसाच पुढं निघून गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चावी फिरवली, चालू झाली. जसं काही झालंच न्हाई." ती मागं वळून बघत म्हणाली. माय डोळे मिटून पडली होती. "तिला कळलं न्हाई. सांगू नको."

"मला समदं कळलं," माय डोळे न उघडता म्हणाली.

अक्का माझी थोरली बहीण. सेनगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि राहायला हिंगोलीत होती. मायच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा हिंगोलीत डायलिसिसची सोय नव्हती. आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यावं लागायचं. सुरुवातीला आम्ही एसटीनं नेलं, मग काळीपिवळी जीपनं. मशीनवरून उतरल्यावर मायच्या अंगात त्राण राहायचं नाही. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, खिडकीच्या दांडीवर डोकं टेकून ती परत यायची. एकदा तिला जीपमध्येच ओकारी झाली. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि ड्रायव्हरला म्हणाली, असल्या लोकांना पुढं बसवत जा.  पुढच्या महिन्यात अक्का गाडी शिकायला लागली. शाळा सुटल्यावर मैदानात, पोरांसमोर, चाळिशी ओलांडलेली बाई गाडी शिकत होती. हसणारे हसले. मग तिनं नांदेडच्या एका गृहस्थाकडून जुनी पांढरी गाडी घेतली. लहानशी, पेट्रोलची, कंप्यूटरवाली.

कंप्यूटरवाली म्हणजे इंजिनात पेट्रोल किती जायचं, ठिणगी कधी पडायची, हे सगळं एका डब्यातलं सर्किट ठरवणार. माझं बसस्टँडकडच्या रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात मी हा धंदा शिकलो तो ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांवर. डायनामो, सेल्फ, हॉर्न, बॅटरी. वायर तुटली की सोलायची, पीळ द्यायचा, टेप गुंडाळायचा. कंप्यूटरच्या गाड्या आल्यावर मी औरंगाबादला जाऊन एका वर्कशॉपात काही काळ काम केलं. तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, की ह्या वायरिंगला टेस्टरचा दिवा लावायचा नाही आणि पीळ द्यायचा नाही. एक वायर चुकीच्या जागी लागली तर आतला डबा जळतो, आणि डबा जळला की गाडी म्हणजे पत्र्याची पेटी.

अक्काची गाडी मी त्या दिवशी पुरती तपासली. पेट्रोलचा पंप, फिल्टर, प्लग, बॅटरीची टोकं. काही सापडलं नाही. दुकानासमोर तासभर चालू ठेवली तर बंद पडली नाही. मी चालवून पाहिली, औंढ्याच्या रस्त्यानं लांब जाऊन आलो, तरी नाही. पण अक्का चालवायची तेव्हा ती पडायची. कधी आठवडाभर काही नाही आणि मग एका दिवसात दोनदा.

दाजी, म्हणजे अक्काचे मालक, एका सरकारी कचेरीत कारकून होते. शांत माणूस. स्वतःला गाडी येत नव्हती, पण मत होतं. "तू क्लच बराबर सोडत नसशील," ते म्हणाले. अक्का म्हणाली, चालत्या गाडीत क्लचचा काय संबंध. दाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग ह्याच्या हातात काहून पडत न्हाई?"  

नांदेडच्या एका मोठ्या वर्कशॉपात आम्ही गाडी दाखवली. मायला मशीनची सुई लावलेली असताना तेवढा वेळ मिळायचा. त्यांनी त्यांचं यंत्र जोडलं, पडद्यावर बघितलं आणि सुपरवायझर अक्काला सोडून माझ्याशी बोलायला लागला. "गाडीत फॉल्ट नाही. मॅडमना जरा प्रॅक्टिस हवी." अक्का शेजारीच उभी होती.  परत येताना कळमनुरीपाशी ती म्हणाली, "माझा पाय, माझा हात, माझे डोळे. आता ह्याच्यावरच मी लक्ष ठेवते. बघू कोण चुकून राहिलं ते."

घरात गाडी विकायची बोलणी सुरू झाली. दाजी चिडून बोलत नव्हते, घाबरून बोलत होते. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "एक दिवस दोघी मायलेकी ट्रकखाली जातील. तू समजावून सांग तिला. तुझं ऐकते." मी हो म्हणालो, पण समजावून काय सांगणार? परत जीपमध्ये कोंबायचं मायला?

मग एका दुपारी अक्का शाळेतून सरळ दुकानात आली. मी एका ट्रॅक्टरचं सेल्फ उघडून बसलो होतो. ती स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"एक सांगू का? हसायचं न्हाई."

"सांग."

"गाडी बंद पडायच्या आधी काटा पडतो."

"कोणता काटा?"

"इंजिनच्या फेऱ्याचा. वेगाचा न्हाई, त्याच्या बाजूचा. आज सेनगावच्या उतारावर पुन्हा झालं. गाडी गेअरमध्ये होती, चाकं फिरून राहिली होती, म्हणजे इंजिनपण फिरतच होतं. पण काटा एकदम शून्यावर. पडला तो दगड पडावा तसा. मग आवाज गेला. आधी काटा, मग इंजिन. दर टायमाला असंच असणार. आजवर माझं ध्यान रस्त्यावर होतं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"आणि पाय?"

"पाय काढला की. पाय दाबलेला असताना कधीच न्हाई. पुलावरही पाय काढला होता, उतारालाही काढला."

पेट्रोल तुटलं असतं तर इंजिननं आधी धापा टाकल्या असत्या आणि काटा त्याच्या मागून हळूहळू उतरला असता. इंजिन फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडतो तेव्हा कंप्यूटरला इंजिन फिरतंय हेच कळेनासं झालेलं असतं. ते कळवायला खाली गिअरबॉक्सच्या अंगाला बोटाएवढा एक सेन्सर असतो. त्याची वायर तुटली, क्षणभर जरी, की कंप्यूटरला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो ठिणगी बंद करतो. आणि ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की इंजिन आपल्या रबरी गाद्यांवर मागं झुकतं; वायर ताणली जात असणार ती तेव्हाच. मी चालवताना पाय असा एकदम काढत नसेन. लांब मोकळ्या रस्त्यावर काढायचं कारणच पडलं नव्हतं.

गाडी तिथंच जॅकवर घेतली आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. सेन्सरचा कपलर हाताला लागला. दोन वायरी एकमेकांत अडकवायचा तो प्लास्टिकचा जोड. त्याचा खटका मोडलेला होता आणि कोणीतरी तो सुतळीनं बांधला होता. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. आधीच्या मालकाकडे कुण्या कारागिरानं खराब तुकडा कापून टाकला होता आणि उरलेल्या आखूड वायरी तशाच ओढून, पीळ देऊन जोडल्या होत्या. वायर तारेसारखी ताणलेली. इंजिन मागं झुकलं की ती कपलरला ओढणार, पुढं आलं की सोडणार. म्हणून चावी फिरवली की गाडी पुन्हा चालू.

मी खालूनच ओरडलो, "अक्का, सापडलं!"

 बाहेर आलो तर ती दुकानाच्या खांबाला टेकून पदरानं डोळे पुसत होती. मला बघून म्हणाली, "धूळ फार आहे तुझ्या दुकानात."

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. ती वायर धरून मी वर वर गेलो. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या बाजूला, कंप्यूटरचा डबा होता. वायरिंग जिथून आत येतं तिथलं रबर फाटलेलं, आणि पावसाचं पाणी वायरींवरून उतरत थेट कंप्यूटरच्या मोठ्या कपलरपर्यंत पोचलेलं. टॉर्च मारली तर पितळी पिनांवर हिरवा गंज. खालचा जोड नीट केला तरी हा वरचा कधी दगा देईल सांगता येत नव्हतं. तात्पुरतं म्हणून मी खाली वायरीला तुकडा जोडून ढील दिली, सुतळी काढून पट्टीनं कपलर आवळला आणि सांगितलं, पुढच्या खेपेला नांदेडला भंगारातून कपलर आणतो, मग एक दिवस गाडी माझ्या ताब्यात दे.

ती खेप सुखरूप झाली. मी शेजारी बसून सगळा वेळ काट्याकडे बघत होतो. माय मशीनवर असताना भंगारवाल्यांच्या गल्लीत फिरून त्याच जातीच्या मोडक्या गाडीचे दोन्ही कपलर वायरींसकट कापून आणले.

दोन खेपांच्या मधल्या सुटीच्या दिवशी सकाळी मी अक्काच्या दारात काम मांडलं. गाडी लिंबाच्या सावलीत ओढून घेतली होती. उन्हाळा पेटलेला. माय ओसरीवर खाटेवर पडून माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा गप्प होती आणि पाय सुजलेले दिसत होते. लग्नाच्या घरून आलेलं कलिंगड तिनं कोणाला न सांगता खाल्लं होतं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं. कलिंगडाचं आम्हाला नंतर कळलं.

खालचा कपलर लवकर झाला. वरचा अवघड. कंप्यूटरचा डबा सोडवून बाहेर काढला, मांडीवर जुनं सुती धोतर पसरून त्यावर ठेवला. जुन्या कपलरमधली एकेक पिन काढायला मी छत्रीच्या काडीचं टोक घासून हत्यार केलं होतं. नियम एकच: एका वेळी एकच वायर. जुन्यातून काढायची, नव्या पिनेला कथलाचा डाख द्यायचा, त्याच घरात, म्हणजे खाचेत, बसवायची, मग दुसरी. सगळ्या एकदम काढल्या तर उन्हानं आणि गंजानं रंग उडालेल्या वायरींत पांढरी कोणती आणि पिवळी कोणती हे देवालाही सांगता आलं नसतं.

अर्ध्यात आलो आणि वीज गेली. भारनियमन. डाख द्यायचा विजेवरचा कैया थंड पडला. अक्कानं न सांगता रॉकेलचा स्टोव्ह पेटवून ओसरीवर आणला. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा तांब्याच्या तोंडाचा जुना कैया होता, तो स्टोव्हवर तापवत मी डाख देत राहिलो. घाम डब्यावर पडू नये म्हणून अक्का मधून मधून माझं कपाळ पुसत होती. वायरींची घरं ती मोठ्यानं सांगायची, मी तीच पुन्हा म्हणायचो, मग पिन आत ढकलायची. खट असा बारीक आवाज यायला हवा. नाही आला तर पुन्हा.

शेवटची वायर बसली. हुश्श म्हणून मी कंप्यूटरचा डबा उचलला आणि त्याच्या तोंडात टॉर्च मारली.  आतल्या पिनांच्या ओळीत एक पिन वाकलेली होती. आधीच्या कोणीतरी कपलर तिरपा घुसवला असणार. ती शेजारच्या पिनेला जवळपास टेकली होती. पहिल्यांदा कपलर ओढताना ती आणखी वाकली होती की आधीपासून तशीच होती, हे मला आजही माहीत नाही.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"पिन वाकली आहे. सरळ करावी लागेल."

"कर की."

"एकदा वाकलेली पिन एकदाच सरळ होते. चिमट्यानं धरली तर शेजारच्या वाकतील. तुटली तर डबा गेला."

तिनं वाकून त्या तोंडात बघितलं. मग उठून आत गेली आणि मायच्या इंजेक्शनांच्या डब्यातून औषध ओढायची जाड सुई घेऊन आली. न उघडलेली, कागदात. "ही पोकळ असते. पिनेवर टोपीसारखी घालून हळू उभी करता येईल?"

मी सुईचं टोक कानशीनं घासून बोथट केलं. ती त्या पिनेवर सरकवली. बसली, जराशी ढिली, पण बसली. आता फक्त मनगट वळवायचं होतं.  त्याच वेळी ओसरीवरून मायचा आवाज आला.

"लेकरा, मला दम लागून राहिला."

अक्का धावली. मी हात हलवला नाही. हलवता येतच नव्हता. कानावर मायचा श्वास येत होता, ओला, घरघर असलेला, आणि अक्का तिला उशा लावून बसवत होती. मी डोळे त्या पिनेवर ठेवून केसभर, मग आणखी केसभर, सुई उभी करत आणली. पिन बाकीच्यांच्या ओळीत आली. सुई वर ओढून घेतली. पिन तिथंच राहिली.

अक्कानं नांदेडच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पाणी छातीत चढलंय, उद्यावर ढकलू नका, आजच आणा, मशीन मोकळी करून ठेवतो. दाजी सुटीमुळे घरीच होते. ते सायकल घेऊन गाडी बघायला सुटले. सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स परभणीला गेलेली. जीपस्टँडवर एक जीप नाही, लग्नसराईनं सगळ्या उचललेल्या. ते परत आले तेव्हा घामानं निथळत होते. "एक जण तयार आहे, पण तो वऱ्हाड सोडून येणार. तास-दीड तास म्हणतो."

आम्ही तिघांनीही मायकडे बघितलं. तिचे ओठ काळसर दिसायला लागले होते.

मी डबा जागेवर लावला होता. कपलर बसवताना मी तो अगदी सरळ धरला, खटका पडेपर्यंत दाबला. बॅटरी जोडली. आता चावी. एखादी वायर चुकली असेल तर याच क्षणी कळणार होतं.

"मीटरनं समदं तपासलं का?" अक्कानं विचारलं.

"खालचं तपासलं. वरचं अर्धं. पूर्ण तपासायला वेळ लागेल."

"किती?"

"जीप येईल तेवढा."

दाजी म्हणाले, "जीपचीच वाट बघू. ही मधेच पडली तर रानात काय करायचं?"

अक्कानं माझ्या हातातून चावी घेतली. "तू मला एकच सांग. एका वेळी एकच वायर काढली ना?"

"एकच."

"मग माझा तुझ्यावर भरवसा आहे." आणि तिनं चावी फिरवली.

सेल्फ फिरला. इंजिन लागलं नाही. पुन्हा फिरवला. मी डॅशबोर्डखाली नाक घालून जळका वास येतो का बघत होतो. वास नव्हता. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, जरा अडखळलं आणि मग एका सुरात चालू राहिलं. फेऱ्यांचा काटा उभा होता.

मायला आम्ही मागं बसवलं, आडवं झालं की तिला दम जास्त लागत होता. दाजी तिच्या शेजारी, तिला छातीशी धरून. मी पुढं. अक्का चालवत होती.  कयाधूच्या पुलाशी रस्ता अजून तसाच उखडलेला होता. अक्कानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाय काढला. काटा खाली उतरला, हळूच, जसा उतरायला हवा तसा, आणि तिथं थांबला. गाडी पुलावरून गेली.

कळमनुरी मागं पडल्यावर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला.

"हे काय?" अक्का म्हणाली.

"चालव. थांबू नको."

"काहून लागला पण?"

"माहीत न्हाई. काटा उभा आहे तोवर चालव."

दाजींनी मागून विचारलं, काय झालं, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, काही न्हाई. मागच्या सीटवरून मायचा श्वास इंजिनच्या आवाजाच्या वर ऐकू येत होता. मी मनात सगळ्या वायरी पुन्हा मोजत होतो. कुठं डाख कच्चा राहिला असेल? कुठं खट ऐकू न येता मी ऐकू आलं असं धरलं असेल?

पुढच्या एका गावात रस्त्यावर वरात आली. बँड, घोडा, त्याच्या पुढं नाचणारी पोरं, रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला. अक्कानं हॉर्न दिला. नाचणाऱ्यांना वाटलं आपल्याच आनंदात भर. इंजिन उभ्यानं चालू, तापत चाललेलं, पिवळा दिवा लागलेला, आणि आता इंजिनचा सूर किंचित जड यायला लागला. बंद करून थंड होऊ देणं म्हणजे पुन्हा चालू होण्याची खात्री नाही.

दाजी दार उघडून उतरले. या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. ते वरातीत शिरले आणि बँडवाल्याच्या हातातली ढोलाची काठीच त्यांनी धरली. "बाई मरून राहिली गाडीत! वाट द्या!" बँड थांबला. नवरदेवाचा बाप असावा, फेटेवाला एक जण पुढं आला, गाडीत डोकावला आणि मागं वळून ओरडला. क्षणात रस्ता दुभंगला. पोरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पळत पुढची माणसं हटवत गेली. कोणीतरी खिडकीतून मायच्या हातात ओला रुमाल दिला.

त्यानंतर नांदेडपर्यंत अक्कानं गाडी कुठं थांबवली नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. मायला आत नेलं आणि दार लागलं. अक्का गाडीतच बसून होती. इंजिन चालूच होतं. "आता बंद करू का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो, तरी तिला चावी फिरवायला वेळ लागला.

दोन-तीन तासांनी नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, बरंच पाणी काढलं, आता श्वास नीट आहे, बोलतायत. दाजी तिथंच बाकावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडले. मग डोळे पुसून अक्काला म्हणाले, "तू गाडीतच खोट आहे म्हणत होतीस तेव्हा मी ऐकून घेतलं न्हाई."

"तेव्हा मलाही कळलं नव्हतं," अक्का म्हणाली. "मी फक्त बघत राहिले."

मी दवाखान्यामागच्या आवारात जाऊन बॉनेट उघडलं. ज्या कपलरना हात लावला होता ते सगळे जागेवर होते. पिवळा दिवा लावला होता तो दुसऱ्याच एकानं, इंजिनच्या उष्णतेच्या सेन्सरच्या कपलरनं. वरून चांगला दिसला म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता. उंदरांनी त्याचीही एक वायर आतून खाल्ली होती, रस्त्याच्या हादऱ्यानं ती तुटली. मी ती तिथंच जोडली, आणि मग बसून वरच्या कपलरची प्रत्येक वायर मीटरनं तपासली. एकही चुकलेली नव्हती. हे कळल्यावरच मी बॉनेट लावलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायला घेऊन निघालो. आखाडा बाळापूरला चहाच्या हॉटेलसमोर ती म्हणाली, थांबा, चहा प्यायचा. अक्कानं पाव कप दिला. मायनं तो पिऊन दाजींच्या कपाकडे बघितलं. दाजींनी अक्काकडे बघितलं. अक्का रस्त्याकडे बघायला लागली, आणि दाजींनी आपल्या कपातला एक घोट मायच्या कपात ओतला.

त्यानंतर माय दीड-पावणेदोन वर्षं जगली. गाडीनं तिला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. ती गेली ती घरी, थंडीत, पहाटे, झोपेत. दिवसकार्य झाल्यावर मी दुकानात गेलो तर अक्का गाडी घेऊन आलेली. म्हणाली, आता नांदेडला जायचं न्हाई, विकावी का? मी म्हणालो, तुझी इच्छा. ती थोडा वेळ स्टुलावर बसली, चहा प्याली. मग उठून म्हणाली, "शाळेला उशीर होईल," आणि गाडीत बसून सेनगावच्या रस्त्याला लागली.